वरचे सोळा

खोलीत एकूण अकरा वस्तू होत्या. एक टेबल. त्यावर रक्तदाब मोजायचं एक यंत्र आणि एक संगणक. दंडाला गुंडाळायचे तीन पट्टे, लहान, मध्यम आणि मोठा. समोरासमोर दोन खुर्च्या. भिंतीवर एक घड्याळ. ज्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्यांच्यासाठी एक लाकडी फळी. आणि कोपऱ्यात कचऱ्याचा एक डबा.

दार लावलं की बारावी मावशी. पण तिला वस्तूंत धरायचं की हवामानात, हे भाचीला ठरवता येत नव्हतं.

वर्षभरापूर्वी ही खोली म्हणजे औषधांच्या दुकानाची अडगळ होती. खोकल्याच्या औषधांची खोकी, कापसाचे गठ्ठे, एक मोडका वजनकाटा आणि त्यावर ठेवलेली मोडकी छत्री. मग सरकारने योजना काढली. डॉक्टरांकडे रांगा फार, दवाखाने कमी आणि औषधांची दुकानं मात्र दर वळणावर. तेव्हा दुकानांनी नुसती पाकिटं पुढे सरकवू नयेत, माणसंही तपासावीत. चाळिशीपुढच्या कुणाचाही रक्तदाब फुकट मोजावा, जास्त, म्हणजे एकशे चाळीसच्या पुढे निघाला तर आरोग्य केंद्रात पाठवावं, आणि दर माणसामागे सरकारकडून ठरलेली रक्कम घ्यावी. स्वतंत्र खोली करायला अनुदान वेगळं.

मावशीने अडगळ काढली, भिंतीला फिकट हिरवा रंग दिला आणि दारावर स्वतःच्या हाताने पाटी लावली. तिला दुसरा मार्गही नव्हता. चौकात एक मोठं साखळी दुकान उघडलं होतं. तिथे औषधं इतकी स्वस्त मिळत, की मावशीची जुनी गिऱ्हाइकंसुद्धा तिकडची पिशवी कोटात लपवून तिच्या दारावरून जात. "लपवतात तरी," मावशी म्हणायची. "म्हणजे लाज शिल्लक आहे." पण लाजेवर दुकान चालत नाही. दुकान चालत होतं ते या खोलीवर.

भाचीने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली होती. तिच्या नोंदणीचा कागद अजून सरकारी टेबलांवरून फिरत होता. नोंदणी नसलेल्याने माप घ्यायचं नाही असा नियम, म्हणून माप मावशी घेई आणि भाची बाजूला उभी राहून आकडे संगणकात भरी. मावशी तिला 'शास्त्रज्ञ' म्हणे. कौतुकाने की टोमण्याने, ते त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून.

पहिला खडा पडला तो एका सोमवारी. रस्त्यापलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. बाई उंच, कमी बोलणाऱ्या आणि नेहमी कुठून तरी निघालेल्या दिसत. आज मात्र त्या काउंटरवर हात टेकून उभ्या राहिल्या.

"मावशी, एक विचारू? तुमच्याकडनं आलेली माणसं रस्ता ओलांडला की बरी होतात. मधे कुणी जादूगार बसतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या खोलीत एकशे साठ, माझ्याकडे एकशे चव्वेचाळीस. तुमच्याकडे एकशे पन्नास, माझ्याकडे एकशे पस्तीस. एखाद-दुसरा असता तर सोडून दिलं असतं. हे जवळजवळ सगळ्यांचंच आहे. सरासरी सोळा वर."

"तुमचं यंत्र कमी दाखवत असेल," मावशी म्हणाली.

"तसंही असेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण मी गोळ्या देते, मावशी. वरच्या सोळांवर विश्वास ठेवला तर नको त्या माणसाला गोळी जाईल. उठला की चक्कर येऊन पडेल. मला योजनेच्या कार्यालयाला कळवावं लागलं. तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं म्हणून आले."

दोनच दिवसांनी योजनेचे साहेब आले. गोल चेहऱ्याचे, घाम पुसत बोलणारे. वाईट नव्हते बिचारे. त्यांनी खोली पाहिली, रंगाचं कौतुक केलं आणि मग सांगायचं ते सांगितलं. महिनाअखेर तुलना होईल. दहा माणसं आधी या खोलीत मोजायची, मग रस्ता ओलांडून केंद्रात. दहांचा सरासरी फरक पाचाच्या आत असला तर खोली चालू. नसला तर अनुदान बंद, पाटी खाली.

"आणि पाटी खाली आली की?" मावशीने विचारलं, जणू दुसऱ्या कुणाच्या दुकानाबद्दल.

साहेबांनी घाम पुसला.

ते गेल्यावर मावशीने मान मागे टाकून दोन्ही हातांनी चोळली. अलीकडे ती असं वरचेवर करायची. नव्या काउंटरची उंची चुकलीय, सुताराने मान मोडली, असं तिचं म्हणणं. मग ती भाचीकडे वळली.

"काय शास्त्रज्ञ? चार वर्षं तुझी फी भरलीय तुझ्या आईने. शोध हे सोळा कुठनं येतात ते."

भाचीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त कुतूहल वाटलं. सोळा म्हणजे काही किरकोळ आकडा नव्हे. एवढा मोठा आकडा बंद दाराच्या, अकरा वस्तूंच्या खोलीत लपेल कुठे?

पहिला संशय यंत्रावर. तिने ते पिशवीत घालून केंद्रात नेलं आणि तिथल्या परिचारिकेकडून तिच्याच दंडावर दोन्ही यंत्रं आलटून पालटून लावून घेतली. आकडे सख्ख्या भावंडांसारखे निघाले. यंत्र सुटलं.

मग पट्टे. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा फुगतो, हे तिला माहीत होतं. पण मावशी पट्ट्याच्या बाबतीत शिंप्यासारखी काटेकोर होती. दंड बघून पट्टा काढायची, कधी चुकत नसे. पट्टे सुटले.

मग टेबल. हात छातीच्या खाली लोंबकळला तरी आकडा चढतो. भाचीने टेबलाची उंची मोजली, वेगवेगळ्या उंचीची माणसं खुर्चीत बसवून पाहिली. टेबल सुटलं. फळीमुळे पायही सुटले. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून धाप लागते म्हणावं, तर केंद्राला पाच पायऱ्या होत्या.

"सगळे निर्दोष," तिने मावशीला सांगितलं.

"मग चोर कोण? मी?" मावशी हसली आणि बाहेर बसलेल्या माणसाला हाक मारली. "या काका, या! आज तुम्ही प्रवासी, मी चालक."

हे बसवाले काका. उभं आयुष्य शहराची बस चालवून निवृत्त झालेले. दंड असा, की मोठा पट्टाही जेमतेम पुरे. ते खुर्चीत बसले, मावशी समोरच्या खुर्चीत. तिने पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. यंत्र घुरघुरायला लागलं.

"धाकट्याचं काय हो? ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलंत?"

"नोकरी सोडली म्हणे."

"सोडली! तिसरी!" काकांचा मोकळा हात टेबलावर आपटला. "म्हणतो, साहेब नीट बोलत नाही. अहो, मी उभ्या जन्मात शिव्या खाल्ल्या प्रवाशांच्या. मी सोडली का बस? रस्त्यात उभी करून गेलो का घरी?"

"आणि सूनबाई काय म्हणते?"

"ती काय म्हणणार, माहेरी गेलीय!"

यंत्र शिटी वाजवून थांबलं. एकशे बासष्ट बाय शहाण्णव. भाचीने आकडा भरला.

आता वाचणाऱ्याला वाटेल, ही पोरगी पदवीधर आणि हिला एवढं दिसू नये? पण भाची या दुकानात लहानाची मोठी झाली होती. काउंटरखाली बसून तिने बाराखडी गिरवली ती मावशीच्या बोलण्यात. कोपऱ्यातल्या औषधांच्या फ्रिजची घरघर तिला जशी ऐकू येत नसे, तसंच मावशीचं बोलणंही. फ्रिज बंद पडला तरच कळायचं की तो चालू होता.

आणि एके दिवशी तो बंद पडला. म्हणजे मावशीचा घसा बसला.

सकाळी आली तीच हातवारे करत. तोंडातून फक्त हवा. दुकानात घसा दुखण्यावरच्या गोळ्या सतरा प्रकारच्या, मावशीने त्यातल्या तीन चघळल्या आणि दिवसभर खुणांवर कारभार केला. दोन बोटं दाखवली की दिवसातून दोनदा. तळवा पोटावर फिरवला की जेवणानंतर. गिऱ्हाइकं फार खूश झाली. फळवालीबाई तर म्हणाली, "मावशी, आज पहिल्यांदा माझी गाडी वेळेत लागणार."

त्या दिवशी खोलीत सहा माणसं मोजली. एकही केंद्रात पाठवावा लागला नाही. रोज तीन-चार तरी पाठवावे लागत. शेवटी बसवाले काका आले, कारण त्यांना दर आठवड्याला बोलावलं होतं. मावशीने त्यांना खुणेने बसवलं, पट्टा गुंडाळला आणि समोर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. काकांनी दोनदा खाकरून पाहिलं. उत्तर येईना तेव्हा तेही घड्याळाकडे पाहत राहिले. यंत्र थांबलं.

एकशे चाळीस बाय शहाऐंशी.

मावशीने दोन्ही हात वर करून विजयाची खूण केली आणि यंत्राच्या पाठीवर थोपटलं. सुधारलं एकदाचं गाढव, असा त्याचा अर्थ.

भाचीने मात्र संगणकाकडे पाहिलं नाही. ती दारातून दुकानातल्या फ्रिजकडे पाहत होती. तो घरघरत होता, आणि तिला तो ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मावशीचा आवाज परत आला, आणि त्याच्याबरोबर आकडेही वर गेले.

त्या दुपारी दुकान रिकामं असताना भाची एकटीच खोलीत गेली. नियम दुसऱ्याला मोजायच्या आड येत होता, स्वतःला नाही. तिने पाय जमिनीला टेकवले, पाठ खुर्चीला लावली, घड्याळाकडे बघत पाच मिनिटं गप्प बसली आणि बटण दाबलं. एकशे बारा. मग थोडं थांबून पुन्हा दाबलं, आणि या वेळी समोरच्या रिकाम्या खुर्चीला आपल्या शेवटच्या तोंडी परीक्षेची गोष्ट सांगायला लागली. परीक्षकाने चष्म्यावरून कसं पाहिलं, तिला एका साध्या क्षाराचं नाव कसं आठवेना, मागच्या बाकावरचा मुलगा कसा हसला. यंत्र थांबलं. एकशे सत्तावीस.

तिने पुन्हा करून पाहिलं. गप्प : एकशे तेरा. गोष्ट : एकशे अठ्ठावीस. एकदा तिने नुसतीच बाराखडी म्हणून पाहिली, कुठलाही राग-लोभ नाही. एकशे एकवीस. म्हणजे नुसती जीभ हलली तरी आकडा थोडा चढत होता. जिभेला विषय सापडला की पूर्ण चढत होता. भाचीच्या अंगावर काटा आला, भीतीचा नव्हे. गणित सुटतं तेव्हा येतो तो.

मग तिच्या लक्षात आलं, की उत्तर सापडलं म्हणजे आता ते कुणाला तरी सांगावं लागणार.

"मावशी, सोळा सापडले."

"कुठे होते?"

"तुझ्या समोरच्या खुर्चीत. म्हणजे, दोन खुर्च्यांच्या मधे."

मावशीला कळेना. भाचीने सगळं सांगितलं, घसा बसल्यापासून बाराखडीपर्यंत. मावशी ऐकत होती आणि तिच्या हातातली औषधाची बाटली ती उगाच फडक्याने पुसत होती. बाटली केव्हाच स्वच्छ झाली होती.

"म्हणजे माझ्या बोलण्याने लोक आजारी पडतात."

"असं नाही म्हटलं मी."

"रोगापेक्षा इलाज भयंकर, असंच ना? योजनेच्या प्रशिक्षणात शिकवणारी बाईही म्हणाली होती, माप घेताना बोलू नका. आता मी बोलते कुठे? मी फक्त विचारते."

"तू विचारतेस म्हणून ते बोलतात."

"मग काय चूक?" मावशीचा आवाज चढला. "चौकातल्या दुकानात कोण विचारतं? तिथे यंत्रातनं पावती येते, धन्यवाद म्हणते आणि गप्प बसते. लोक माझ्याकडे येतात ते स्वस्त म्हणून? बोलणाऱ्याचा कोंडा विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, हे तुझ्या पुस्तकात नव्हतं वाटतं!"

भाचीला मावशीचंही खरं वाटत होतं, आणि अडचण तीच होती. बोलणं ही या दुकानाची एकमेव गोष्ट, जी चौकातल्या दुकानाकडे नव्हती. आणि तीच खोलीतून काढा, असं आपण म्हणतोय.

"एक करून बघू," ती म्हणाली. "आधी तुझंच मोज तू. एकदा बोलताना, एकदा गप्प. स्वतःच बघ."

"मला नको. शिंप्याच्या अंगावर कधी नवा कपडा बघितलास? आधी गिऱ्हाईक."

"मग गिऱ्हाइकांवर बघ. एक आठवडा. माप घेताना चूप. मग वाटलं तर काढून टाक मला."

"तुला काढून तुझ्या आईला काय तोंड दाखवू?" मावशी म्हणाली. म्हणजे तयार झाली.

पण तयार होणं वेगळं आणि जमणं वेगळं. पहिल्या दिवशी मावशी पाचांपैकी पाच वेळा बोलली. ओठ घट्ट मिटून सुरुवात करायची, यंत्र घुरघुरायला लागलं की डोळे बोलायला लागायचे, मग भुवया, आणि अर्ध्यात "बरी आहे ना आई?" असं सुटूनच जायचं. "हातावर पट्टा चढला की माझ्या तोंडाचाही पट्टा चालू होतो," ती हताश होऊन म्हणाली. "एकाच बटणावर आहेत की काय?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच उपाय शोधला. दुकानातल्या शेल्फवरून एक नवा थर्मामीटर काढला, धुतला आणि पट्टा गुंडाळून झाल्यावर तो स्वतःच्याच जिभेखाली धरला.

शिंपीणकाकू खुर्चीत होत्या. त्यांनी डोळे विस्फारले. "अगं, ताप माझा बघायचा की तुझा?"

मावशीने गंभीरपणे घड्याळाकडे बोट दाखवलं. मिठाची गुळणी धरावी तशी ती थर्मामीटर धरून बसली. काकू आधी हसल्या. मग हसू ओसरलं, खांदे खाली आले. बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली तेवढा आवाज. मावशीने बटण दाबलं. भाची दाराजवळ उभी होती. तिला पहिल्यांदाच दिसलं, की माणूस गप्प बसला की कसा हळूहळू खुर्चीत उतरतो. आधी कपाळ, मग जबडा, शेवटी हाताची बोटं.

यंत्र थांबलं. एकशे बेचाळीस बाय चौऱ्याऐंशी. मागच्या खेपेला काकू एकशे छप्पन्न होत्या.

मावशीने तोंडातून थर्मामीटर काढला, त्यावर नजर टाकली, "मला ताप नाही" असं जाहीर केलं, आणि मग साठवलेलं सगळं एकदम सोडलं. "हां, आता सांग. गोळी घेतेस ना रोज?"

"घेते की."

"रोज?"

काकूंनी पदराची कड बोटाला गुंडाळली. "अर्धी."

"अर्धी का?"

"पूर्ण घेतली की कोरडा खोकला येतो. मग शिवताना सुई हलते. डॉक्टरीणबाईंना सांगायचं म्हटलं, तर बाई सदा घाईत. आणि त्यांनी विचारलं कुठे?"

मावशीने भाचीकडे पाहिलं. त्या पाहण्यात पुष्कळ काही होतं, आणि त्यातलं निम्मं 'बघ' असं होतं.

त्याच गोळीने काहींना असा खोकला येतो, हे भाचीला पाठ होतं. तिने लगेच केंद्रात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी काकूंना त्याच दिवशी बोलावून गोळी बदलली. फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं," भाची म्हणाली.

त्या संध्याकाळी खोलीतला क्रम ठरला. आधी पाच मिनिटं गप्प, मग माप, मग बोलणं. बोलणं काढून टाकायचं नाही, त्याची फक्त जागा बदलायची. मोह नको म्हणून मावशीची खुर्ची खोलीतून बाहेर काढली. बोलायच्या वेळी ती परत आत यायची. आता माप घेताना खोलीत दहा वस्तू असत. थर्मामीटर धरला तर अकरा.

महिनाअखेरच्या आठवड्यात भाचीचा नोंदणीचा कागद आला. मावशीने तो चौकटीत घालून स्वतःच्या कागदाशेजारी लावला आणि जरा मागे जाऊन पाहिलं. "तुझा वाकडा लागलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे. सगळ्यांचा आधी वाकडाच असतो."

तुलनेच्या दिवशी साहेब सकाळीच हजर झाले. केंद्रात डॉक्टरीणबाई, खोलीत मावशी, आणि साहेब मधे रस्त्यावर, दोन्ही दारं दिसतील असे. माणूस खोलीत मोजला की भाची त्याला हाताला धरून रस्ता ओलांडून नेई. कुणाशी बोलायचं नाही, तिकडेही पाच मिनिटं बसायचं. बसवाले काका रस्ता ओलांडताना म्हणाले, "माझ्या बसमधे एवढी शिस्त असती तर," आणि भाचीने ओठांवर बोट ठेवल्यावर पुढचं गिळलं. काकांचे खोलीतले एकशे अडतीस, केंद्रातले एकशे छत्तीस.

नऊ माणसं झाली. साहेबांनी हिशेब केला. सरासरी फरक तीनच्या जवळपास. मावशीने थर्मामीटर काढला.

"झालं ना मग?"

"दहावा?"

दहावा घड्याळजी यायचा होता. त्याच्या बायकोचा फोन आला, की लेकीच्या घरी नळ फुटलाय, तो सकाळीच तिकडे धावलाय, आज यायचा नाही.

"नऊवर नाही चालणार," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "दहा म्हणजे दहा. एकाने कमी पडलं तर वरचे लोक तुलना धरतच नाहीत. कुणीही चालेल. चाळिशीपुढचा, आणि आधी रक्तदाबाची गोळी न घेणारा."

रस्त्यावर कुणी नव्हतं. फळवाली गाडी लावून गेली होती. साहेब चाळिशीपुढचे होते, पण त्यांनी प्रांजळपणे खिशातली गोळ्यांची पट्टी दाखवली. भाची तेवीस वर्षांची.

सगळ्यांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी गेली.

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाली. "मी या खोलीची मालकीण. मालक कधी आपल्याच तराजूत बसतो का?"

"नियमात तसं काही नाही," साहेब म्हणाले.

"माप कोण घेणार?"

भाचीने चौकटीतल्या वाकड्या कागदाकडे पाहिलं. मावशीनेही पाहिलं.

"मावशी, एक माणूस कमी पडतोय," भाची हळूच म्हणाली. "फक्त एक."

मावशीने मानेवरून हात फिरवला, एकदा दुकानभर नजर टाकली, काउंटर, शेल्फ, हिरवी खोली, दारावरची पाटी, आणि आत जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. या बाजूने तिने खोली कधी पाहिली नव्हती. "घड्याळ इथनं तिरकं दिसतं," ती म्हणाली. "कुणी सांगितलं कसं नाही मला?"

"कारण इथे बसलेल्यांना तू दुसरंच काहीतरी विचारत असायचीस."

मावशी हसली. भाचीने मध्यम पट्टा काढला.

"मोठा," मावशी म्हणाली. "माझा दंड मला माहीत आहे."

भाचीने मोठा पट्टा गुंडाळला. दोन बोटं आत जातील एवढी सैल जागा ठेवली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला, फळी पायांखाली सरकवली. मावशीने थर्मामीटरसाठी हात पुढे केला.

"नको," भाची म्हणाली. "आज तसंच बस."

आणि मावशी बसली. तोंडात काही न धरता, पाच मिनिटं, एक अक्षर न बोलता. तिचं कपाळ उतरलं, मग जबडा, मग बोटं. बाहेर फ्रिज घरघरत होता. भाचीने बटण दाबलं, पट्टा फुगला, थांबला, आणखी फुगला, आणि हळूहळू सुटला.

भाचीने आकडा पाहिला. काही न बोलता तो संगणकात भरला. मग मावशीच्या हाताला धरून तिला रस्ता ओलांडून नेलं. मावशीने तिच्याकडे दोनदा प्रश्नार्थक पाहिलं. भाचीने ओठांवर बोट ठेवलं. मावशी गप्प चालत राहिली. आपल्या दारात उभ्या असलेल्या शिंपीणकाकू तिला अशी मुकाट जाताना बघून तशाच उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाच मिनिटं बसवलं. पट्टा लावला. मोजलं. क्षणभर थांबून पुन्हा मोजलं. मग साहेबांना आत बोलावलं आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायला सांगितले.

खोलीतलं माप : एकशे अठ्ठ्याहत्तर बाय एकशे दोन.

केंद्रातलं माप : एकशे शहात्तर बाय एकशे दोन.

फरक : दोन.